पंचविसाच्या खाली नाही

सुलाबाई पगारे आणि मी, आमचं पहिल्याच दिवशी बिनसलं, आणि ते अजूनही सांधलेलं नाही. तरी तिची गोष्ट मलाच सांगायला हवी. त्या दिवसांत तिला जवळून पाहणारं बाहेरचं माणूस मी एकटीच होते.

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. माझी मुलगी निकिता तेव्हा सहावीत. गंगापूर रोडच्या बाजूला पाळीव प्राण्यांचं एक दुकान आहे. कुत्र्यांचं खाणं, मासे, लव्हबर्ड्स, असं सगळं. तिथे दारातच तारेचा पिंजरा टांगलेला होता आणि त्यात शंखातले खेकडे होते. समुद्राकाठी दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात शिरून राहतात, ते. शंखांना निळा, गुलाबी, चंदेरी रंग फासलेला. निकिता तिथून हलेना. दुकानदार महेश म्हणाला, "एकदम सोपे आहेत मॅडम. भुंकत नाहीत, फिरायला न्यायला नको. स्पंज ओला ठेवायचा, झालं."

मी चार घेतले. महेश ते डब्यात घालत होता तेव्हा मागे फरशी पुसणारी बाई फडकं बादलीत टाकून उभी राहिली. पन्नाशीची, काटक, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली. म्हणाली, "नका नेऊ. माराल तुम्ही त्यांना."

"मावशी, आम्ही नीट सांभाळू की."

"मी तुमची मावशी नाय. गरम ठेवायची सोय हाय का घरात?"

"नाशकात कशाला लागते गरम ठेवायची सोय?"

"मग माराल."

मुलीच्या देखत मला हे ऐकून घ्यावं लागलं. महेश हसला. "लक्ष देऊ नका मॅडम, झाडूवाली आहे ती." ते ऐकून मला बरं वाटलं. मी शाळेत शिकवते, वर्गात मुलांना श्रमाची प्रतिष्ठा वगैरे सांगते. पण त्या क्षणी बरं वाटलं, हे खरं आहे.

डिसेंबरात थंडी पडली. इंदिरानगरला आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, खिडक्या उत्तरेला. मला कोंदट घर सोसत नाही म्हणून सकाळी सगळ्या खिडक्या उघडायच्या, हा माझा नियम. माझं बालपण इगतपुरीत गेलं, चार-चार महिने भिंतीला ओल असायची; हवा खेळती ठेवण्याचं वेड मला तेव्हापासूनचं. खेकडे शंखात अंग ओढून बसले. मी महेशला फोन केला. तो म्हणाला, "हिवाळ्यात झोपतात ते." चार दिवसांनी हॉलमध्ये सडक्या सुकटीसारखा वास यायला लागला. एक खेकडा शंखाबाहेर अर्धा लोंबत पडला होता. आठवड्याभरात आणखी दोन गेले. निकिता रडली नाही. एवढंच म्हणाली, "त्या बाई सांगत होत्या. तू ऐकलं नाहीस." त्यानंतर ती माझ्याशी हो आणि नाही यापलीकडे बोलेना.

मी तीन मेलेले आणि एक जेमतेम हलणारा असा डबा घेऊन दुकानात गेले, भांडायच्या तयारीनेच. महेशही तयारीचा होता. "तुम्ही हाताळले असतील. साबणाचे हात लागले असतील. मी इथून जिवंत दिले होते." मी आवाज चढवला, त्याने चढवला. दोन गिऱ्हाईकं थांबून बघू लागली.

तेवढ्यात मागून सुलाबाईचा आवाज आला. चढलेला नव्हता. "ह्यांच्या घरी नाय मेले ते. इथंच अर्धे मेले होते. ह्या पिंजऱ्यात रोज सकाळी चौदा अंश असतं."

"तू मध्ये बोलू नकोस."

तिने कमरेच्या पिशवीतून पेनाएवढी एक लोखंडी सुई काढली. वर छोटा आकड्यांचा डबा असलेला तो थर्मामीटर होता. "मी बघितलंय. मागच्या सोमवारी तुम्ही बल्ब लावला, तर वर एकोणचाळीस आणि खाली सोळा. वर चढले ते पाच भाजून मेले. मी सांगितलं होतं. तुम्ही म्हणला, फरशी पूस."

मग महेश म्हणाला, "सामान उचल तुझं. उद्यापासून येऊ नको."

सुलाबाईने फडकं पिळलं, बादली उपडी घातली, डब्याची पिशवी घेतली. घाई नाही, आदळआपट नाही. खरं तर तिची बाजू मी घ्यायला हवी होती, कारण ती माझ्या बाजूचं खरं बोलली म्हणून तिचं काम गेलं होतं. पण माझा राग अजून निवला नव्हता, आणि महेशकडून काही मिळणार नाही हे दिसत होतं. ती पायरी उतरली तशी मी डबा तिच्यापुढे केला. "तुम्हाला एवढं कळतं ना? मग हा उरलेला तुम्हीच सांभाळा."

ती माझ्याकडे बघतही नव्हती, डब्यात बघत होती. "आधी झाकण लावा," म्हणाली. "वारं लागतंय त्याला." मग मेलेले तीन तिने कडेच्या मातीत ओतले, चौथा मुठीत घेतला, मूठ पदराखाली पोटाशी धरली आणि रिक्षाच्या थांब्याकडे चालू लागली.

घरी निकिताने विचारलं, चौथा कुठे आहे. मी सांगितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती पुरतं वाक्य बोलली. "जिवंत आहे का, ते बघून ये."

दुकानाशेजारच्या चहावाल्याकडून पत्ता मिळाला. सातपूरला एका कॉलनीत तिचा भाऊ केरू राहतो, रिक्षा चालवतो. ती त्याच्याकडेच असते. शनिवारी मला अर्धा दिवस शाळा. दुपारी मी तिथे गेले. दोन खोल्यांचं स्वच्छ घर, समोरच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांची तसबीर. दार भावजयीने, लताबाईने, उघडलं आणि मला नखशिखांत न्याहाळून आत हाक मारली, "अक्का, आल्या बघा खेकड्याच्या मालकीणबाई."

सुलाबाई बाहेर आली. "काय पाहिजे?"

"कसा आहे बघायला आले."

"बघा. हात नका लावू."

मोरीजवळच्या कोपऱ्यात औषधाच्या दुकानातून आणलेला थर्माकोलचा मोठा डबा होता. आत प्लास्टिकचं घमेलं. त्यात धुतलेली वाळू आणि नारळाचा भुसा, मुठीत दाबला तर गोळा होईल इतपत ओला. घमेलं आणि डब्याची भिंत यांच्या फटीत कापडात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या चार बाटल्या. वर काचेचा तुकडा. दोन वाट्या पाणी, एक गोडं, एक खडेमीठ घातलेलं. नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवूनच ओतायचं, असा तिचा नियम. खेकडा वाळूवर चालत होता. मी त्याला चालताना घरी शेवटचा कधी पाहिला होता, तेच आठवेना.

"हे तुम्हाला कुठे कळलं?"

"खोक्यात कागद आला होता. इंग्रजी. महेशने कचऱ्यात टाकला. कचरा मीच काढते."

"तुम्हाला इंग्रजी येतं?"

"आकडे येतात."

पुढच्या तीन-चार शनिवारी मी जात राहिले. मला घराबाहेर ओट्यावर बसवलं जाई. तुटक तुटक जे कळलं ते असं. सुलाबाईचं लग्न नामपूरला झालं होतं. नवरा कांद्याच्या बाजारात हमाली करायचा. तो लवकर वारला आणि सासरच्यांनी तिला ठेवली नाही. ती भावाकडे आली आणि द्राक्षाच्या एका पॅकहाऊसमध्ये हंगामाला जाऊ लागली. सुरुवातीला कात्रीने घडातले खराब मणी काढायची. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की तिचा आकडा कधी चुकत नाही. तेव्हा तिला थंड खोलीत नेलं. निर्यातीचा माल गाडीत चढवण्याआधी मण्याच्या आत सुई घालून किती थंड झालाय ते पाहायचं आणि वहीत लिहायचं. एकोणीस हंगाम तिने ते केलं. दारावरच्या पाटीवर दोन गोष्टी इंग्रजीत असत, अंश सेल्सिअसची खूण आणि हवेतल्या ओलाव्याची दोन अक्षरं. तिचं सगळं इंग्रजी तेवढंच. खेकड्यांच्या कागदावर नेमक्या त्याच दोन खुणा होत्या. एकीपुढे चोवीस ते अठ्ठावीस, दुसरीपुढे ऐंशी.

"घडाच्या भायेर हवा थंड असती," ती म्हणाली. "तिला विचारून काय उपयोग? मण्यात सुई घाला, मग कळंल. ह्याचंबी तसंच. काचेवर काटा लावून काय होतंय? हा वाळूत बसतो. वाळूत बघायचं."

"आणि किती हवं?"

"पंचवीस. त्याच्या खाली नाय."

पॅकहाऊसचं काम कसं सुटलं, ते तिने नाही, लताबाईने सांगितलं, तेही तिला ऐकू जाईल अशा आवाजात. एकदा गाडी दारात उभी होती आणि मण्यात एक हवं तिथे चार अंश होतं. सुपरवायझर म्हणाला, एक लिही. हिने चार लिहिलं. माल अडकला. पुढच्या हंगामात मुकादमाचा फोनच आला नाही. कुणी काढलं नाही, फक्त बोलावलं नाही. वर सुपरवायझरने उठवलं की तिने सुई चोरली. सुई तिची स्वतःची होती, पण ते कुणाला विचारायचं होतं?

"एक लिहिलं असतं तर काय जात होतं?" लताबाई मला म्हणाली. "सगळ्या जगाचं खरं हिच्याच वहीत लिहायचं होतं."

आतून सुलाबाई म्हणाली, "चार होतं."

दोघींचं असं रोजचं चालायचं. मला आधी वाटलं, लताबाई दुष्ट आहे. तसं नव्हतं. दोन खोल्यांत वीस-बावीस वर्षं नणंदेबरोबर काढायची, आणि ती नणंद अशी, की दूध नासलं तर किती वाजता तापवलं होतं ते विचारणार, भात करपला तर गॅस कितीवर होता ते विचारणार. एकदा लताबाई मला म्हणाली, "माझी पूजा लहानपणी तापाने फणफणली होती. ही दर तासाला ताप मोजायची, लिहून ठेवायची. पोरीला मांडीवर मात्र मीच घेतलं होतं." त्यावर सुलाबाई बाटल्या बदलायला उठली. बहुधा ते खरं असावं.

जानेवारीच्या सुरुवातीला खेकडा वाळूत शिरला आणि दिसेनासा झाला. मी घाबरले. सुलाबाई म्हणाली, "कात टाकणार असंल. थंड खोलीत माल मुरायला लावला की दार उघडायचं नसतं. उकरू नका." घमेल्यात वाळूशिवाय काही दिसत नव्हतं आणि बाटल्या मात्र दिवसातून चार वेळा बदलायच्या. गॅस जात होता, मोरी अडत होती. लताबाई रोज विचारायची, वाळू गरम करून काय पिकवायचंय?

बाविसाव्या दिवशी शनिवार होता. शनिवारी देखभालीसाठी वीज बंद, म्हणून कॉलनीत सगळे उन्हाला बाहेर येऊन बसले होते. सुलाबाई मखमलाबादला एका रोपवाटिकेत काम विचारायला गेली होती. मी गल्लीच्या तोंडाशी पोचले आणि तीही समोरून येत होती. घरासमोरच्या गटाराशेजारी ओल्या वाळूचा ढीग होता. घमेलं धुऊन पालथं घातलेलं.

सुलाबाई काही विचारायला थांबली नाही. तिथेच गुडघ्यांवर बसली आणि बोटांनी वाळू हलवू लागली. इतका हलका हात मी पाहिला नाही. मण्यांमधून मणी काढावा तसा तिने तो बाहेर काढला. शंख वेगळा पडला होता. खेकडा पांढुरका, मऊ, सोललेल्या लसणीसारखा. एक पाय तुटून गेलेला. तिने वाळूत सुई खुपसली. सतरा.

"मेलंय ते," लताबाई दारातून म्हणाली. "बावीस दिवस झाले. वास मारत होतं."

"नव्हता मारत. तुला वास यायला पाहिजे होता."

"घर माझं आहे अक्का."

"मग विचारायचं होतं. तुझ्या घरातलं टाकताना विचारायचं नाय, पण माझं टाकताना विचारायचं होतं."

ती आत गेली. खेकडा स्टीलच्या वाटीत, शंख त्याच्याशेजारी. मला म्हणाली, "पाणी ठेवा गॅसवर. उकळू नका." मी कधी तिचं ऐकलं नव्हतं, त्या दिवशी ऐकलं. डब्यात घाईने गरम बाटल्या लावायला गेले तर तिने माझा हात धरला, चांगला दुखेल असा. "एकदम नाय. तासाला दोन अंश. एकदम ऊब दिली तर राहिलेलं बी जाईल." सतराचं एकोणीस, एकोणीसचं एकवीस. तिने स्वच्छ ओली वाळू कोमट केली, वाटीत त्याच्याभोवती सैल भरली, वर काळं कापड टाकलं. दुपार कलेपर्यंत आम्ही दोघी त्या वाटीपाशी बसलो आणि एकमेकींशी कामापुरतंच बोललो. लताबाईने तेवढ्यात स्वयंपाक केला, भांडी आपटत.

केरू जेवायला आला. सगळं ऐकून डोक्याला हात लावला. "अक्का, एका खेकड्यापायी घरात भांडण? लोक हसतील."

"हसू दे."

"लताने चुकून टाकलं."

"चुकून घमेलं धुतलं का?"

केरूने बायकोकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं, आणि ताटावर बसला. मला वाटतं, ते ताटावर बसणंच सुलाबाईला लागलं. आठ दिवसांत तिने मखमलाबादला रोपवाटिकेच्या कामगारांच्या चाळीत एक खोली घेतली. गादी, दोन भांडी, थर्माकोलचा डबा, एवढंच तिचं सामान. डबा तिने मांडीवर घेतला होता. केरूची रिक्षा दारात उभी होती, तरी ती दुसरी करून गेली.

रोपवाटिकेत तिचं जमलं. तिथे कलमांच्या शेडमध्ये हवा आणि ओलावा सांभाळावा लागतो. मालक बहिरू गायकर तोंडाचा फटकळ, आणि ही त्याहून. पहिल्याच आठवड्यात हिने त्याला सांगितलं की शेडच्या दारावरचा काटा तीन अंश जास्त दाखवतो. तो म्हणाला, नवा आहे. ही म्हणाली, नवा खोटा. त्याने दुसरा आणून ताडून पाहिला. त्यानंतर तो तिच्याशी वाद घालत नाही. तिला चांगलं मात्र अजून म्हणत नाही.

मार्चमध्ये खेकडा वर आला. रंग तांबूस झाला होता, अंगाने थोडा मोठा, एका बाजूला पाय कमी. सुलाबाईने बिनरंगाचे तीन शंख आणून ठेवले होते. दोन दिवसांनी त्याने चंदेरी शंख सोडला आणि त्यातला एक धरला. पुढच्या वेळी कात टाकल्यावर तुटल्या जागी काडीसारखा बारीक पाय फुटला. मी म्हटलं, "किती छान." ती म्हणाली, "छान काय त्यात? पाय हाय."

महेशने खेकडे विकायचं बंद केलं. पस्तावला म्हणून नव्हे. पुढच्या मालातलेही मेले आणि लोक परत येऊन भांडू लागले म्हणून. या नोव्हेंबरात त्याचे लव्हबर्ड्स गारठून मरायला लागले तेव्हा त्याने चहावाल्याकरवी तिला निरोप धाडला, परत ये. तिने उलट निरोप दिला, काटा विकत घे. लताबाईने दसऱ्याला पूजाबरोबर डबा पाठवला होता. सुलाबाईने तो ठेवून घेतला, रिकामा परत केला, आत काही घातलं नाही. आमच्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत. त्यांच्याकडेही करत नाहीत.

आणि माझं? डिसेंबर लागताच निकिता म्हणाली, आपला खेकडा परत आण, आता मी सांभाळीन. मी एका रविवारी गेले. सुलाबाई कलमांच्या पिशव्या भरत होती. मी नीट शब्दांत विचारलं. काचेची टाकी आणली आहे, मागच्या बाजूला चिकटवायची गरम चटई मागवली आहे, निकिता मोठी झाली आहे.

"नाय देणार," ती म्हणाली.

"अहो, तो आमचा आहे. तुमच्याकडे सांभाळायला दिला होता."

"दिला नव्हता. टाकला होता."

मला रागच आला. "एवढं काय आहे तुमचं? एक वर्ष ठेवला म्हणून तुमचा झाला? माझ्या मुलीचा जीव आहे त्याच्यावर."

"तुमच्या घरात आत्ता किती असंल?"

"म्हणजे?"

"किती अंश?"

मला माहीत नव्हतं. ती पिशव्या भरत राहिली. मी तिथे बराच वेळ उभी होते. तिने बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. शेवटी मी निघाले. रस्त्याला लागेपर्यंत मनात तिला काय काय सुनावलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्या संध्याकाळी मी हॉलमध्ये थर्मामीटर लावला. सकाळी खिडक्या उघडल्यावर सोळा, दुपारी बावीस. निकिताने एक वही केली आहे आणि ती आकडे लिहिते. खिडक्या उघडायच्या की नाही, यावरून आमच्या दोघींची रोज सकाळी खडाजंगी होते. टाकी रिकामीच आहे. चटई चालू ठेवून वाळूत चोवीस तास पंचवीस टिकतं का, ते ती पाहते आहे. अकरा दिवसांत दोनदा घसरलं. पुढच्या रविवारी ती वही घेऊन स्वतः मखमलाबादला जाणार म्हणते. मी तिला सांगितलं आहे की ती बाई घसरलेले दोन दिवस आधी बघेल.